गोळी बदलली, आता भाऊ एका जागी बसत नाही

पत्र असं आहे:

"माझा लहान भाऊ 23 वर्षांचा आहे. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला कॉलेज सुटलं. हिवाळ्यापासून त्याला आवाज ऐकू येऊन राहिले होते, गल्लीतले लोक आपल्याबद्दलच बोलतात असं तो म्हणायचा. एप्रिलच्या शेवटी डॉक्टरांनी हॅलोपेरिडॉल सुरू केलं. तिसऱ्या दिवशी रात्री जेवता जेवता त्याची मान डावीकडे वळली ती वळलीच. डोळे वर गेले, जीभ बाहेर येऊ लागली, बोलता येईना. शेजारच्या काकू म्हणाल्या, बाहेरचं लागलं. आम्ही त्याला ऑटोत घालून कॅज्युअल्टीत नेलं. तिथे एक इंजेक्शन दिलं आणि अर्ध्या तासात मान सरळ झाली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी जुनी गोळी अर्धी केली, सोबत पॅसिटेन दिली आणि अरिपिप्रॅझोल नावाची नवी गोळी सुरू केली. म्हणजे सध्या तिन्ही चालू आहेत. पुढची तारीख तीन आठवड्यांनंतरची आहे.

भाऊ म्हणतो, तुम्ही मला विष दिलं होतं, आता परत देऊन राहिले. बाबा म्हणतात, सगळं बंद करा, पोरगं हातचं जाईल. आई म्हणते, वरणात कालवून देऊ. ही अॅलर्जी होती का? नव्या गोळीनेही तसंच झालं तर? एकाच वेळी दोन-दोन औषधं कशाला? तो खर्रा खातो, तो आत्ताच सोडवायचा का? आणि हो, नवी गोळी सुरू झाल्यापासून तो रात्री झोपत नाही, गच्चीवर फेऱ्या मारत राहतो, जेवायलाही धड बसत नाही. आजार वाढला असं वाटतं.

– एक बहीण, नंदनवन, नागपूर"

ताई,

तुम्ही चार प्रश्न विचारले आणि पाचवी गोष्ट "आणि हो" म्हणून शेवटी टाकली. मी त्या पाचवीपासूनच सुरू करते, कारण ती तीन आठवडे थांबणारी नाही.

आधी एक सांगून ठेवते. मी डॉक्टर नाही. माझी नोकरी मनोविकार विभागात समाजसेवा अधीक्षक म्हणून झाली. गोळी लिहून देणं माझं काम नव्हतं. गोळी लिहून दिल्यावर घरात काय काय होतं ते ऐकून घेणं आणि डॉक्टरांपर्यंत पोचवणं हे माझं काम होतं. कोणती गोळी, किती मिलिग्रॅम हे इथे विचारू नका. पण घरच्यांनी काय बघायचं, काय सांगायचं आणि कधी सांगायचं, हे मी सांगू शकते.

तर त्या गच्चीवरच्या फेऱ्या. तुम्हाला वाटतं आजार वाढला. तसंही असू शकतं. पण नवी गोळी सुरू झाल्यावर पहिल्या काही दिवसांत माणूस अचानक एका जागी बसेनासा झाला, तर आधी औषधावर संशय घ्यायचा. याला डॉक्टर अकथिसिया म्हणतात. अरिपिप्रॅझोलने ती होते, हॅलोपेरिडॉलने तर होतेच, आणि तुमच्या भावाच्या पोटात आज दोन्ही आहेत. ही नुसती बेचैनी नसते. आतून कोणी ढोसत असल्यासारखं वाटतं, पायांना थारा नसतो, उभं राहिलं तर या पायावरून त्या पायावर, बसलं तर मांडी हलत राहते, दोन घास खाल्ले की उठावंसं वाटतं.

आजारामुळे अस्वस्थ असलेला माणूस आणि अकथिसियाचा माणूस बाहेरून बघायला जवळजवळ सारखेच दिसतात. म्हणून बघत बसू नका, त्याला विचारा, आणि साध्या भाषेत विचारा: "तुला बसायचं नाही, की बसवत नाही?" आवाजांच्या किंवा भीतीच्या मागे लागून फिरणारा माणूस बहुतेक वेळा कारण सांगतो: ते बघतात, ते बोलतात, मला लक्ष ठेवावं लागतं. अकथिसियाचा माणूस म्हणतो, "पायात काहीतरी चालून राहिलं," "आतून खाज सुटल्यासारखं होतं," "मला बसायचं आहे, पण होत नाही." फेऱ्या मारून घडीभर बरं वाटतं आणि पुन्हा सुरू होतं. हे कधी सुरू झालं, गोळी किती वाजता घेतो आणि त्यानंतर किती वेळाने त्रास वाढतो, एवढं एका कागदावर लिहा.

आणि उद्या सकाळी डॉक्टरांना फोन करा. तारखेची वाट बघू नका. फोनवर "तो अस्वस्थ आहे" एवढंच म्हणू नका, कारण ते ऐकून कोणीही आजार वाढला असंच समजेल, आणि मग गोळी वाढते. गोळीमुळेच बेचैनी असेल, तर गोळी वाढवल्याने ती आणखी चढते. वाक्य असं घ्या: "नवी गोळी सुरू झाल्यापासून त्याला बसवत नाही, पाय हलवत राहावं लागतं. ही अकथिसिया आहे का ते बघाल का?" डॉक्टर मात्रा कमी करतील, वाढ हळू करतील, प्रोप्रॅनोलॉलसारखी गोळी जोडतील किंवा तिसऱ्या औषधाकडे वळतील. प्रोप्रॅनोलॉलचं नाव निघालं आणि भावाला दमा असेल, तर तो तिथेच सांगायचा, ती गोळी दम्यात चालत नाही. घरात पॅसिटेन आहेच, तीच आणखी एक देऊ, असं मात्र करू नका. त्या रात्रीसारख्या प्रकाराला पॅसिटेन उपयोगी आहे, या बेचैनीवर तिचा फारसा उपयोग होत नाही.

इतकी घाई का, तेही सांगते. अकथिसियाने माणूस इतका जेरीस येतो की जीव द्यावासा वाटणं ही तिची ओळखीची सोबत आहे. त्याला थेट विचारा, "मरून जावं असं वाटतं का?" विचारल्याने डोक्यात कल्पना शिरत नाही, उलट त्याला बोलायला वाव मिळतो. उत्तर होकारार्थी किंवा गुळमुळीत आलं तर त्याला एकटं ठेवू नका, रात्री गच्चीवर तर नाहीच, आणि तसंच कॅज्युअल्टीत न्या. मधल्या वेळेत बोलायला कोणी हवं असेल तर टेलि-मानसचा 14416 हा सरकारी नंबर चोवीस तास चालतो, फुकट आहे, मराठीत बोलतात.

आता त्या रात्रीकडे येते. जे झालं त्याला अॅक्यूट डिस्टोनिया म्हणतात. स्नायू आखडतात: मान, जबडा, जीभ, डोळे, कधी पाठ. बाहेरचं वगैरे काही लागलेलं नाही. काकूंचा राग करू नका, ते दृश्य बघून शंभर वर्षांपूर्वी काय, आजही कोणीही घाबरेल. मेंदूत हालचाल सांभाळणाऱ्या भागात डोपामिन आणि अॅसिटाइलकोलीन ही दोन रसायनं तराजूच्या दोन पारड्यांसारखी असतात. हॅलोपेरिडॉल डोपामिनचं काम अडवतं, की दुसरं पारडं खाली बसतं आणि स्नायू आखडतात. कॅज्युअल्टीत दिलेलं इंजेक्शन बहुधा प्रोमेथाझिनचं असेल, ते दुसरं पारडं हलकं करतं, म्हणून अर्ध्या तासात मान सरळ. पॅसिटेनही तेच काम करते. आणि हे इतकं पटकन उतरलं हीच ते डिस्टोनिया असल्याची खूणही आहे.

हे बहुतेक वेळा गोळी सुरू केल्यावर किंवा वाढवल्यावर पहिल्या चार-पाच दिवसांत होतं आणि तरुण मुलांमध्ये जास्त होतं. तुमचा भाऊ 23 वर्षांचा, पहिल्यांदाच असं औषध घेणारा; म्हणजे ज्याला व्हायचं त्यालाच झालं. खरं तर हे आधी सांगायला हवं होतं, "मान आखडली तर घाबरू नका, ताबडतोब या" एवढं एक वाक्य, आणि अशा तरुण मुलाला सुरुवातीपासूनच सोबत पॅसिटेन देण्याचा विचारही करता आला असता. तसं का झालं नाही याचा हिशेब मला इथे बसून मांडता येणार नाही. पण तुमचा राग समजतो.

ही अॅलर्जी नाही. अॅलर्जी म्हणजे अंगावर पित्त उठणं, सूज, श्वास लागणं. हा औषधाचा माहितीतला परिणाम आहे. हा फरक का महत्त्वाचा, तर उद्या कोणी फाइलवर नुसतं "हॅलोपेरिडॉल अॅलर्जी" लिहून मोकळं झालं, तर पुढच्या डॉक्टरांना काहीच कळत नाही. तुम्हीच नीट लिहून ठेवा. असं: "हॅलोपेरिडॉल, दिवसाला अमुक मिलिग्रॅम, तिसऱ्या दिवशी रात्री नऊच्या सुमारास, मान डावीकडे, डोळे वर, जीभ बाहेर, श्वास ठीक, ताप नाही. कॅज्युअल्टीत अमुक इंजेक्शन, अर्ध्या तासात बरं." कॅज्युअल्टीच्या कागदावर इंजेक्शनचं नाव असेल, त्याचा फोटो काढून ठेवा. पुन्हा असं झालं तर आधी ऑटो, पण कोणाचा तरी हात मोकळा असेल तर मोबाइलवर दहा सेकंदांचा व्हिडिओ. डॉक्टरांपुढे घरचे पाच जण पाच प्रकारे सांगतात, व्हिडिओ एकच सांगतो. त्या वेळी घसा आवळल्यासारखा झाला, श्वासाला आवाज येऊ लागला तर मात्र व्हिडिओ नाही, एक मिनिटही नाही. असं क्वचित होतं, पण ते जिवावरचं असतं.

हा कागद फक्त मनोविकाराच्या डॉक्टरांसाठी नाही. उलटी थांबवणारं मेटोक्लोप्रमाइड (पेरिनॉर्म म्हणून ओळखलं जातं), चक्कर-उलटीसाठीचं प्रोक्लोरपेराझिन (स्टेमेटिल), ही दोन्ही तोच डोपामिन अडवतात आणि तशीच मान आखडवू शकतात. आणि लेव्होसल्पिराइड! पित्ताच्या कॅप्सूलमध्ये पँटोप्राझोल किंवा रॅबेप्राझोलसोबत ते बिनधास्त घातलेलं असतं, औषधांच्या दुकानात "गॅस-अॅसिडिटीची चांगली गोळी" म्हणून मिळतं, आणि ते मुळात याच जातीचं औषध आहे. मला हा प्रकार कधीच पटलेला नाही. भावाला पोट बिघडलं म्हणून दुकानातून काही आणाल तेव्हा मागची बारीक अक्षरं वाचा किंवा दुकानदाराला वाचायला लावा.

तसंच, या घटनेची नोंद सरकारदरबारी करता येते, हे फार थोड्यांना माहीत असतं. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा केंद्राचा कार्यक्रम 2010 पासून चालू आहे, त्याचा टोल-फ्री नंबर 1800-180-3024. डॉक्टरच काय, रुग्ण किंवा घरचे लोकही कळवू शकतात. केलंत तर चांगलं, नाही केलंत तरी भावाच्या उपचारात काही बिघडत नाही.

नव्या गोळीने पुन्हा मान आखडेल का? नव्या औषधांमध्ये ही शक्यता बरीच कमी असते, शून्य नसते. मात्रेचाही त्यात मोठा वाटा आहे. मेंदूचे फोटो घेऊन केलेल्या अभ्यासांत असं दिसलं की डोपामिनचे साधारण 65 टक्के दरवाजे अडले की आवाज कमी व्हायला लागतात, आणि 78-80 टक्क्यांच्या पुढे गेलं की अंग आखडायला लागतं. मधली पट्टी अरुंद आहे. पहिल्यांदा आजारी पडलेल्या तरुणांना बहुतेक वेळा थोडक्या मात्रेत गुण येतो आणि थोडक्या मात्रेत त्रासही होतो. "सर, याला कमी मात्रेवरच त्रास झाला होता, हळू वाढवता येईल का?" हे विचारणं तुमचं काम आहे. चांगल्या डॉक्टरांना त्याचा राग येत नाही. (अरिपिप्रॅझोल थोडं वेगळं आहे, ते डोपामिन पूर्ण अडवत नाही, अर्धवट चालूही ठेवतं. म्हणून आखडणं कमी, पण ती गच्चीवरची बेचैनी त्यानेही होते.)

आता दोन गोळ्या एकत्र कशाला. एक औषध हळूहळू उतरवायचं आणि दुसरं हळूहळू चढवायचं, ही पद्धत आहे. अरिपिप्रॅझोल शरीरात फार सावकाश साचतं. निम्मं बाहेर पडायलाच तीन दिवस लागतात आणि त्याची पातळी स्थिर व्हायला साधारण दोन आठवडे. तोवर जुनी गोळी एकदम काढली तर मधल्या काळात आवाज परत येण्याची भीती असते. म्हणून डॉक्टरांनी जुनी अर्धी ठेवली. हे बरोबर आहे. त्यांनी जुनी तिथेच बंद केली असती तरी मी चूक म्हटलं नसतं, दोन्ही करतात.

मला यात वेगळीच गोष्ट खटकते, ती म्हणजे शेवट. जुनी गोळी कोणत्या तारखेला बंद होणार, हे तुमच्या चिठ्ठीवर लिहिलं आहे का? बहुतेक वेळा नसतं. मग काय होतं, रुग्णाला जरा बरं वाटू लागतं, पुढच्या वेळी दुसरे डॉक्टर बसलेले असतात, ते "सेम" लिहितात, आणि वर्षभराने माणूस दोन गोळ्यांवर आणि दोन्हींच्या त्रासावर असतो. उद्याच्या फोनमध्ये हे विचारा: जुनी कधी बंद, पॅसिटेन कधी बंद. जुनी गोळी गेली की पॅसिटेनचं काम बहुतेक संपतं, पण तीही एका दिवसात न सोडता डॉक्टर सांगतील तशी उतरवायची. ती उगाच चालू ठेवली तर तोंड कोरडं पडतं, पोट साफ होत नाही, जवळचं वाचताना अक्षरं पुसट दिसतात. तुमच्या भावाला कधीतरी पुन्हा पुस्तक उघडायचं आहे.

अरिपिप्रॅझोल नाही जमलं तर पुढे काय, याची धास्ती घेऊ नका. क्वेटियापिन आहे, झोप आणतं, उभं राहताना रक्तदाब पडू शकतो. ओलान्झापिन आहे, बेचैनी कमी, पण वजन आणि साखर वाढवण्यात पटाईत, म्हणून सुरू करण्याआधीच वजन, कंबर, साखर, कोलेस्टेरॉल मोजून लिहून ठेवायचं. रिस्पेरिडोन आहे, मात्रा वाढली की आखडण्याचा प्रश्न तिथेही येतो. दोन औषधं पुरेशा मात्रेत, पुरेसे आठवडे देऊनही आवाज हटले नाहीत तर क्लोझापिन, त्यात सुरुवातीला दर आठवड्याला रक्त तपासावं लागतं. पण तिथवर तुम्ही पोचलेला नाहीत. आणि एक लक्षात ठेवा, हॅलोपेरिडॉल भावाला "लागू पडलं नाही" असं नाही, ते त्याला सोसलं नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, कोणी फाइलमध्ये पहिली लिहिली तर दुरुस्त करायला सांगा.

आता घरातलं. यात औषधाइतकंच, कदाचित जास्त, अडकलेलं आहे.

तुमचा भाऊ आधीच लोकांवर संशय घेत होता. अशा मुलाला घरच्यांनी आग्रहाने गोळी दिली आणि तिसऱ्या दिवशी त्याची मान वळली, जीभ बाहेर आली, बोलता येईना. तो म्हणतो विष दिलं. त्याच्या जागी बसून बघा, दुसरं काय म्हणेल? आता तुम्ही सगळे त्याला पटवत असाल की नाही रे, गोळी चांगली आहे, तुझ्या डोक्यात काहीतरी आहे. इथेच घोळ होतो. कारण त्या एका बाबतीत तो बरोबर होता. मान गोळीनेच वळली. आधी ते कबूल करा, "पण" न जोडता. "त्या रात्री जे झालं ते त्या गोळीनेच झालं. तुला वाटलं ते खरं होतं. आम्हाला आधी माहीत असतं तर तुला सांगितलं असतं." विष होतं असं म्हणायचं नाही, कारण ते खरं नाही, पण त्रास गोळीचा होता हे मोकळेपणाने म्हणायचं. मग थांबा. त्याच बैठकीत नवी गोळी पुढे करू नका.

नंतर कधीतरी, तो जरा निवांत असेल तेव्हा, पाकीट त्याच्या हातात द्या. नाव वाचू दे, मोबाइलवर बघू दे. काय त्रास होऊ शकतो हे त्यालाच डॉक्टरांना विचारू दे. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात रुग्णाला आपल्या आजाराची, उपचारांची आणि औषधांच्या माहितीतल्या दुष्परिणामांची माहिती त्याला कळेल अशा भाषेत मिळण्याचा हक्क आहे. पुढच्या भेटीत डॉक्टरांशी तुम्ही बोलायचं आणि त्याने बाहेरच्या बाकावर बसायचं, असं होऊ देऊ नका. बेचैनी कशी वाटते हे फक्त तोच सांगू शकतो, आणि ते सांगितल्यावर खरोखर काही बदललं, मात्रा कमी झाली, तर ही माणसं आपलं ऐकतात असं त्याला पहिल्यांदा वाटेल.

म्हणूनच आईला सांगा, वरणात नाही. मला माहीत आहे त्यांचा जीव तुटतो. पण ज्याला आपल्या जेवणात काहीतरी घालतात असं वाटतं, त्याच्या जेवणात खरंच काहीतरी घालायचं? एकदा सापडलं की तो घरचं जेवण सोडेल, मग गोळी तर गेलीच. शिवाय त्याला उद्या काही त्रास झाला आणि तो म्हणाला मी तर गोळी घेतलीच नाही, तर कॅज्युअल्टीतले डॉक्टर काय समजतील?

बाबांचं "सगळं बंद करा" हे हट्टातून आलेलं नाही, त्या ऑटोतल्या प्रवासातून आलेलं आहे. त्यांना बसवून सांगा की बंद करण्याचाही एक दुष्परिणाम आहे आणि तो उशिरा दिसतो. गोळी थांबवल्यावर पहिले काही दिवस, कधी काही आठवडे, काहीच होत नाही. उलट सुस्ती जाते, मुलगा तरतरीत दिसतो, घरचे म्हणतात बघा, उगाच देत होतो. मग आवाज येतात. पहिल्या आजारातून सावरलेल्या रुग्णांचा पाच वर्षं मागोवा घेतलेल्या एका अमेरिकन अभ्यासात (1999) औषध सोडणाऱ्यांमध्ये आजार उलटण्याचा धोका जवळजवळ पाच पट दिसला होता. बाबांना आकडे आवडत असतील तर हा सांगा, नसतील तर फक्त एवढं सांगा की त्या गोळीचा त्रास झाला, ती गोळी आपण काढतोच आहोत.

काकू किंवा आणखी कोणी ताजबागला, ताजुद्दीन बाबांच्या दर्ग्यात, न्या म्हणतील. श्रद्धा असेल तर जरूर जा, दर्ग्याला जाण्याने गोळीला काही होत नाही, फक्त गोळीची वेळ चुकवू नका. खुद्द ताजुद्दीन बाबांना 1892 मध्ये आपल्या नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात ठेवलं गेलं होतं आणि 1908 मध्ये रघुजीराव भोसल्यांनी त्यांना तिथून आणलं. तेव्हा मनोरुग्णालयाचं नाव घ्यायला लाजणाऱ्यांना हे सांगायला हरकत नाही.

खर्रा, म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेलं मिश्रण. तो सोडवायचाच आहे, विदर्भातल्या तोंडाच्या कॅन्सरचं कारण वेगळं सांगायला नको. पण या पंधरवड्यात नाही. एका वेळी एकच बदल, नाहीतर झोप कशाने गेली, बेचैनी कशाने वाढली हे कोणालाच सांगता येणार नाही. तरी डॉक्टरांना खर्रा सांगा, दिवसाला किती तेही, आणि तो वाढू देऊ नका. खर्ऱ्यातल्या सुपारीत आरेकोलीन असतं, ते अॅसिटाइलकोलीनसारखंच वागतं, म्हणजे पॅसिटेनच्या नेमकं उलट. या जातीच्या औषधांवर असलेल्या, भरपूर सुपारी खाणाऱ्या रुग्णांचं अंग आखडल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत आलेली आहेत. तो पानठेल्यावर दिवसातून सहा-सहा पन्न्या घोटून घेत असेल, तर ही गोष्ट किरकोळ नाही. आणखी एक, वर्षानुवर्षं खर्रा खाऊन तोंड उघडणं कमी झालेलं असतं. त्याचं तोंड आधीपासून किती बोटं उघडतं हे आत्ताच बघून ठेवा, म्हणजे उद्या "जबडा आवळला" म्हणाल तेव्हा तो सुपारीने आवळला की गोळीने, ते कळेल. बिडी-सिगारेट ओढत असेल तर तेही सांगा. धुरामुळे ओलान्झापिन आणि क्लोझापिन शरीरातून लवकर निघून जातात, ओढणं थांबलं की त्यांची पातळी चढते. चघळण्याच्या तंबाखूने तसं होत नाही.

आणि आपला उन्हाळा. 25 मेपासून नवतपा, म्हणजे सगळ्यात तापलेले नऊ दिवस, पारा 45 च्या वर. या गोळ्या आणि पॅसिटेन मिळून घाम कमी करतात, शरीराला स्वतःला थंड ठेवणं जड जातं. दुपारी अकरा ते पाच त्याला बाहेर पाठवू नका, कूलरमध्ये पाणी आहे का बघा, पाणी मागेल तेव्हा नाही, आठवणीने द्या. फेऱ्या मारायच्याच असतील तर उन्हं उतरल्यावर, कोणीतरी सोबत राहून.

यातच एक गोष्ट अशी आहे की जिची या दिवसांत नागपुरात सहज चुकामूक होते. या औषधांनी अगदी क्वचित एक गंभीर प्रकार होतो: जोराचा ताप, अंग लाकडासारखं कडक, दरदरून घाम, छातीत धडधड, बोलणं असंबद्ध, लघवी गडद. न्यूरोलेप्टिक मॅलिग्नंट सिंड्रोम. औषध सुरू करताना आणि बदलताना, म्हणजे तुम्ही आत्ता जिथे आहात तिथेच, तो होण्याची शक्यता जास्त असते. मे महिन्यात ताप आणि बरळणं दिसलं की घरात कोणीतरी म्हणतंच, ऊन लागलं, कांदा लावा, पन्हं द्या. ऊन लागलेलं असलं तरी बरळणाऱ्या माणसाला इस्पितळातच न्यायचं असतं, त्यामुळे घरी बसून निदान करायची गरज नाही. गोळी द्यायची नाही, कॅज्युअल्टीत जायचं, आणि पोचल्या पोचल्या सांगायचं की हा अमुक मानसिक आजाराच्या गोळ्यांवर आहे, सीपीके (स्नायूंना इजा झाली का ते दाखवणारी रक्ताची तपासणी) बघाल का. हे सांगितलं नाही तर तिथलेही आधी ऊनच समजतील, त्यांच्यापुढे त्या दिवशी उष्माघाताचे आणखी रुग्ण असतात.

उद्या फोन लागला नाही, किंवा लागला आणि "तारखेला या" एवढंच उत्तर मिळालं, तर थांबू नका. मेडिकल आणि मेयो ही दोन सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं, मिहानमधलं एम्स, किंवा मानकापूरकडचं प्रादेशिक मनोरुग्णालय, यांपैकी जे जवळ पडेल तिथल्या मनोविकार ओपीडीत सकाळी लवकर जा. नंदनवनहून मेडिकल सोयीचं. दुसरीकडे दाखवलं म्हणजे पहिल्या डॉक्टरांशी बेइमानी केली असं काही नसतं, नंतर त्यांना कागद दाखवा. जाताना गोळ्यांची पाकिटंच घेऊन जा, नुसती नावं नकोत, कारण एकच औषध दहा नावांनी विकलं जातं. सोबत तो कागद, कॅज्युअल्टीचा केसपेपर, आणि भाऊ स्वतः. रांगेत त्याला बसवणार नाही. बाबांना नंबर लावायला उभं करा आणि तुम्ही त्याच्यासोबत बाहेर सावलीत चालत राहा, आत बोलावलं की फोन करतील.